चौऱ्याऐंशी मीटरवरची कांडी

१ डिसेंबर २०२४, रविवार

वैष्णवीने ही डायरी दिवाळीला दिली. म्हणाली, बाबा, तुम्ही दिवसभर आईच्या मागे लागून शंका काढत बसता, त्या यात लिहा आणि तिला जरा मोकळं सोडा. मुलगी भूगावला फ्लॅटमध्ये राहायला गेली तशी तोंडाने फटकळ झाली आहे. डायरी मात्र चांगली आहे, जाड कागदाची. महिनाभर कोरी पडली होती. आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं.

मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. माणूस खिशात हात कसा घालतो यावरून त्याने तिकीट काढलंय की नाही ते मला कळायचं. मुळशीत अजून सगळे मला कंडक्टरच म्हणतात. हैबतराव हे नाव आता मतदार यादीपुरतं उरलं आहे.

गावाच्या वरच्या अंगाला, माझ्या भाताच्या खाचराला लागून गायरान आहे. तिथे आज बोअरचं भलंमोठं मशीन आलं. पाण्यासाठी नाही. जमिनीखाली युरेनियम आहे का ते बघायचं आहे. काम सरकारी खात्याचं, मशीन ठेकेदाराचं, चालवणारी माणसं झारखंडची आणि वर एक साहेब, निरंजन नावाचा. दगडांचं शिक्षण घेतलेला, तिशीच्या आतला. म्हशी विकल्यापासून माझा गोठा रिकामाच होता. तो त्यांनी दगड ठेवायला भाड्याने घेतला आणि राखणीलाही मलाच ठेवलं.

साहेबाला सरळ विचारलं, युरेनियम खरंच आहे का? तो हसला. म्हणाला, काका, शक्यता फार कमी आहे, वरचा काळा खडक पार करून खालचा जुना खडक कसा आहे एवढंच बघायचं आहे. शक्यता कमी असेल तर एवढं मशीन इथवर कुणी आणतं का? गाडीत जो प्रवासी उगाच हसायचा त्याचं तिकीट मी आधी बघायचो.

४ डिसेंबर, बुधवार

हे मशीन दगडाचा भुगा करत नाही, सबंध दगड काढतं. मनगटाएवढा जाड, गोल. उसाची कांडकी पडावीत तसे त्याचे तुकडे होतात, म्हणून आम्ही सगळे त्यांना कांड्याच म्हणायला लागलो. कांड्या लांब लाकडी पेटीत ओळीने लावतात, वरचा दगड आधी, खालचा नंतर, वाचायच्या ओळीसारख्या. मध्ये मध्ये लाकडी ठोकळा आणि त्यावर खोलीचा आकडा. पेटी भरली की साहेब लांबी मोजून वहीत लिहितो, मोबाइलवर फोटो काढतो आणि पेटी माझ्या गोठ्यात येते. नीट पाहणी तो सवडीने करणार आहे.

मला त्याने बजावून सांगितलं. कांडी उचलायची नाही, जागा बदलायची नाही, आणि चुकून काही झालं तर लगेच सांगायचं, मी रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य मला खटकलं. न रागावणारा साहेब मी बत्तीस वर्षांत एकही पाहिला नाही.

एकनाथच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नाही. एकनाथ म्हणतो, "एकदा धरणाच्या पान्यानं उठवलं, आता दगडानं उठवत्याल." दुसरे म्हणतात, मूठभर युरेनियमवर पुणं महिनाभर उजळंल, एक कांडी कुणी बाहेर विकली तर सात पिढ्या बसून खातील. कांड्या माझ्या गोठ्यात आहेत, तेव्हा टपरीवरच्या प्रत्येकाचं तोंड नीट बघून घेतलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज एक गोष्ट झाली. ती इथेच लिहितो, बाकी कुणाला सांगणार नाही.

बायको, रजनी, बचत गटाच्या बैठकीला गेली होती. साहेब मशीनवर होता. एकोणीस नंबरची पेटी सकाळीच आली होती. मला वाटलं, ऊन आहे तोवर एखादी कांडी चमकते का बघावं. साहेब सांगणार नाही, आपणच बघायचं. पेटी दारापर्यंत ओढली, उंबऱ्यावर तिचं टोक टेकवलं आणि ती कलंडली. कांड्या अंगणभर झाल्या. पंधरा-वीस तरी असतील. ठोकळेसुद्धा बाहेर पडले.

मी भराभर गोळा केल्या. कुठली कुठे होती ते काही आठवेना. एकमेकींना जोडून बघितल्या, ज्या जुळल्या त्या जुळवल्या, बाकीच्या दिसायला बऱ्या दिसतील अशा लावल्या. अंगण दोनदा बघितलं, काही राहिलं नव्हतं. पेटी थोडी सैल भरल्यासारखी वाटली, पण आधी किती घट्ट होती हे कुठे माहीत होतं? फडक्याने पुसून जागेवर ठेवली.

साहेब संध्याकाळी आला, पेट्यांवरून नजर फिरवून गेला. त्याला सांगायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, कशाला? राखणदारानेच पेटी पाडली हे गावभर होईल. पगारी माणसाची अब्रू एवढीशी असते.

८ डिसेंबर, रविवार

न्हाणीत नवा दगड आला आहे. अंगणाच्या कोपऱ्यातल्या मोरीच्या पन्हाळीत रजनीला सापडला. आमची जुनी वज्री झिजून बोराएवढी झाली होती. हा नवा चांगला मुठीत बसतो, अंगाला बारीक छिद्रं आहेत, टाचेचा मळ असा काढतो की विचारू नका. रजनी त्याच्यावर खूश आहे. म्हणते, एका टोकाला लुगड्याच्या काठासारखी तांबडी पट्टी आहे, असा काठाचा दगड मी कधी बघितला नाही. मला अंघोळीला चष्मा नसतो, मला तो काळा एवढंच दिसतं. धरणाच्या कडेला असे पाण्याने गोल झालेले दगड पुष्कळ पडतात, पोरं आणून टाकतात.

कांड्या रोज सकाळ-संध्याकाळ मोजायला सुरुवात केली. गाडी सुटताना डोकी मोजायची सवय कामाला आली. परवापासून आकडा बरोबर येतो आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

जोतिबा मेंढरं घेऊन आला. भात निघालं की तो दरवर्षी येतो, आज तीस वर्षं झाली. त्याची सव्वाशे मेंढरं आठ दिवस माझ्या खाचरात बसतात, लेंडीमुताने जमीन तयार होते, आणि आम्ही त्याला भात घालतो. मग तो पुढे जातो. माझ्यानंतर गावातली पाच खाचरं त्याची ठरलेली आहेत. त्याच्यावरच त्याचा उन्हाळ्यापर्यंतचा घास चालतो.

आल्या आल्या त्याची बायको बायजा देवाचं गाठोडं घेऊन घरात आली. हळदीने पिवळं झालेलं फडकं, आत त्यांचे देव. मेंढरं माझ्या रानात असेपर्यंत ते गाठोडं आमच्या देव्हाऱ्यात राहतं. पहिल्या वर्षी माझ्या आईने तशी जागा करून दिली होती. वर्षातून एकदा, चंपाषष्ठीला, जोतिबा अंघोळ करून ते उघडतो. नुकतीच चंपाषष्ठी झाली, आता ते पुढच्या वर्षीपर्यंत बंद.

पहिल्या दिवशीचं जेवण आमच्याकडे. जोतिबा न्हाणीत पाय धुवायला गेला तो बाहेरच येईना. मी हाका मारल्या. शेवटी आला तो टाचा नवरदेवासारख्या करून. रजनी पदर तोंडाला लावून हसत होती. चांगलं जेवण झालं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

जोतिबाची मेंढरं दुपारी गोठ्याच्या सावलीला येतात. तोही भिंतीला टेकून बसतो. आज मला म्हणाला, "दादा, ह्या दगडात असं काय हाय की सरकारानं त्याला पेटीत झोपवलंय?" साधा प्रश्न आहे, पण त्याने तो का विचारावा? इतकी वर्षं त्याने मला पाऊसपाणी आणि मुलाबाळांपलीकडे काही विचारलं नव्हतं.

बायजा रोज सकाळी गाठोड्याला हळद लावायला घरात येते. देव्हारा मधल्या खोलीत आहे. मधल्या खोलीचं एक दार गोठ्याकडे उघडतं. हे मला आजवर कधी लक्षात आलं नव्हतं.

१८ डिसेंबर, बुधवार

रजनी भूगावला गेली. वैष्णवीच्या मुलाला ताप आहे, आठ-दहा दिवस राहील. जाताना बजावून गेली की जोतिबाला कालवण द्या, नुसता चहा पाजू नका.

मेंढरं आज पुढे जायची, पण एकनाथच्या खाचरात अजून ओल आहे म्हणून जोतिबा चार दिवस जास्त थांबतो म्हणाला. ओल आहे हे खरं. मी जाऊन बघून आलो.

२० डिसेंबर, शुक्रवार

साहेबाने काल किरणं मोजणारं यंत्र वायरीने भोकात सोडलं होतं. आज संध्याकाळी गोठ्यात आला तो हसत नव्हता. म्हणाला, चौऱ्याऐंशी मीटरवर काटा किंचित वर गेलाय, बहुतेक काही नसणार, पण तिथली कांडी बघायला हवी. पेटी कुठली? एकोणीस.

त्याने पेटी उघडली, मोबाइलवरचा फोटो शेजारी धरला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काका, क्रम बदललाय. आणि एक कांडी नाहीच आहे." फोटो मला दाखवला. वीतभरही नाही, काळी, छिद्रांची, एका टोकाला तांबडी पट्टी. दोन थरांमधली भाजलेली माती असते म्हणे ती. अकरा सेंटीमीटर. नेमकी ज्या जागी काटा हलला तिथली.

कुणी पेटी हलवली होती का, त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. तोंडातून आपसूक गेलं. पाडली होती खरी, पण सगळ्या भरल्या होत्या की! मी स्वतः अंगण दोनदा बघितलं. तेव्हा पडण्याचा आणि चोरीचा संबंध नाही. काटा हलला म्हणजे माल तिथेच आहे, आणि नेमकी तीच कांडी जाते, याचा अर्थ नेणाऱ्याला कुणीतरी आधी सांगितलेलं होतं. मी साहेबाला एवढंच म्हणालो की गोठ्याजवळ दिवसभर बसणारा एकच माणूस आहे.

२२ डिसेंबर, रविवार

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कुणी काही म्हणायला नको.

सकाळी मी जोतिबाला अंगणात बोलावलं. साहेब होता. एकनाथ आणि आणखी दोघे टपरीवरून आपले आपण आले. काल मी तिथे थोडंसं बोललो होतो. साहेबाने जोतिबाला मोबाइलवरचा फोटो दाखवला. जोतिबाने तो लांब धरून, जवळ धरून बघितला. मग त्याने घराकडे बघितलं आणि नजर खाली घातली. ती नजर मी ओळखतो. शेवटच्या बाकावर तिकीट नसलेला माणूस अशीच खाली बघतो.

"मी न्हाई घेतला," एवढंच म्हणाला.

मी म्हणालो, मग गाठोडं उघड. साहेब मध्ये पडला, काका, देवाचं आहे, राहू द्या. मी म्हणालो, मी गाडीत भल्याभल्यांच्या पिशव्या उघडायला लावल्यात. जोतिबा माझ्याकडे वळला.

"दादा, देव तुमच्या देव्हाऱ्यात हायेत. तुमच्या आईनं जागा दिली."

"म्हनूनच उघड," मी म्हणालो.

तो अंघोळीशिवाय हात लावणार नव्हता. न्हाणीत गेला, थंड पाण्याने अंघोळ केली, खूप वेळ लावला. आत काही लपवतो की काय म्हणून तो बाहेर आल्यावर मी पटकन डोकावून आलो. बादली, तांब्या आणि ओला दगड, दुसरं काही नव्हतं.

मग त्याने सगळ्यांसमोर गाठोडं सोडलं. पाच लहान गोटे, एक चांदीचा टाक, भंडारा आणि लोकरीचा एक पुंजका. बस. बायजा भिंतीकडे तोंड करून उभी होती. एकनाथ म्हणाला, मग दुसरीकडं ठिवला आसंल. जोतिबाने गाठ बांधली आणि गाठोडं परत देव्हाऱ्यात ठेवलं नाही, काखेत घेतलं.

मला थोडं चुकल्यासारखं झालं. पण अकरा सेंटीमीटर दगड हवेत विरघळत नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

सकाळी उठलो तर खाचर रिकामं. भात न घेताच गेले. एकनाथने त्याच्या खाचरात मेंढरं नको म्हणून सांगितलं, बाकीच्या चौघांनीही. चोराची मेंढरं कोण बसवून घेणार? निघून गेला, यावरूनच काय ते समजावं. निर्दोष माणूस थांबून भांडला असता.

टाचांना भेगा पडायच्या थांबल्यात. दगड खरंच गुणाचा आहे.

२७ डिसेंबर, शुक्रवार

रजनी दुपारच्या एसटीने आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, मेंढरं कुठं गेली? मी तिला बसवून पहिल्यापासून सांगितलं. काटा कसा हलला, कुठली कांडी गेली, मी कसं ओळखलं, गाठोडं कसं उघडायला लावलं. जोतिबाने नजर कशी चोरली तेही सांगितलं. तिने एकच विचारलं.

"तांबडी पट्टी हुती म्हनालात?"

हो म्हणालो. ती उठली, न्हाणीत गेली आणि दगड आणून माझ्या पुढ्यात, या डायरीवर ठेवला. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. काळा, गोल, मनगटाएवढा जाड. एका टोकाला लुगड्याचा काठ.

डायरीचं पान ओलं झालं आहे. त्या पानावर लिहिता येत नाही, म्हणून मागच्या पानावर लिहितो आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

झोप नाही, जेवण नाही. पहिला विचार काय आला ते लिहिलं पाहिजे, नाहीतर या डायरीला अर्थ नाही. पहिला विचार जोतिबाचा नव्हता. मी माझ्या टाचांकडे बघितलं. वीस दिवस युरेनियमने पाय घासले, आता पाय झडणार का? दुसरा विचार, दगड धरणात टाकावा. तिसरा, साहेब मशीनवर असताना गुपचूप पेटीत ठेवून द्यावा, जिथली वस्तू तिथे.

तिसरा मी करणारच होतो. कांडी फडक्यात गुंडाळून गोठ्याकडे निघालो तर रजनी चुलीपाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, "पडली तवा लपवलं. आता सापडली ती पन लपवा."

पेटी पडल्याचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. डायरी उघडीच राहिली होती.

तिचं म्हणणं, दगड मी उचलला, मीच सांगते. मी म्हणालो, तू पन्हाळीतला दगड उचललास, पेटीतला नाही. पन्हाळीत तो माझ्यामुळे गेला.

३० डिसेंबर, सोमवार

साहेबाला सगळं सांगितलं. सहा तारखेपासून. तो ऐकत राहिला आणि खरोखरच रागावला नाही. कांडी हातात घेतली, पेटीतल्या दुसऱ्या कांडीला लावली, कपची कपचीला बसली. फक्त घासलेली बाजू गुळगुळीत झाली होती. त्याने त्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि माझ्या पायांकडे बघितलं. मग लहान यंत्र आणून लावलं. काटा जेमतेम हलला.

"घाबरू नका काका. भाजक्या मातीत एवढं असतंच. तुमच्या घराच्या विटांतही थोडं सापडेल."

म्हणजे त्या दगडात काहीच नव्हतं. काही असतं तर निदान म्हणता आलं असतं की मोठ्या गोष्टीपायी झालं.

जाताना तो म्हणाला, त्याच दिवशी सांगितलं असतंत तर पाच मिनिटांचं काम होतं, फोटो बघून परत लावल्या असत्या, पन्हाळीतही शोधली असती. आणि मान खाली घालून पुढे म्हणाला की त्याने वर पाठवलेल्या अहवालात लिहिलं आहे, कांडी मेंढपाळाने नेल्याचा संशय. माझ्याच शब्दावरून. आता तो दुरुस्ती पाठवणार आहे. जोतिबाचं नाव सरकारी कागदावर गेलं होतं आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. मला माझी लाज वाटली. इतकी की साहेब गेल्यावर मी गोठ्यातच बसून राहिलो.

५ जानेवारी २०२५, रविवार

पाच दिवस विचारत होतो, जोतिबा कुठे आहे ते कुणाला माहीत नव्हतं. शेवटी वैष्णवीचा फोन आला. तिच्या इमारतीमागे बिल्डरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये मेंढरं उतरली आहेत, कुणाची ते तिला बायजावरून कळलं.

सकाळच्या गाडीने गेलो. पत्र्याच्या कुंपणाआड सिमेंटच्या गोण्या, सळ्या, आणि त्यांच्यामध्ये मेंढरं. गवताची काडी नाही. बायजा भाजीवाल्यांकडून उचललेला पाला पसरत होती. मला बघून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मेंढरांच्या पलीकडे गेली. जोतिबाने बसायला गोणपाट टाकलं. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पेटी पाडल्यापासून.

त्याने तंबाखू मळली, निम्मी मला दिली.

"ठाव हाय मला," तो म्हणाला. "आलो त्या दिशीच त्या दगडानं पाय घासलं मी. आन् उघडायच्या दिशी अंगूळ करताना त्यो माझ्या हातात हुता, दादा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी गोणपाटावर बसलो. विचारलं, मग बोलला का नाहीस? हातात घेऊन बाहेर आला असतास तर तिथेच मिटलं असतं.

"भाईर सायेब, एकनाथ, चार मानसं. वहिनी घरात न्हाई. न्हाणीतनं दगूड भाईर काढला असता तर चोरी तिच्या नावावर लागली असती. तिच्या हातचं तीस वर्स खाल्लंय."

"आन् देव सोडलंस ते?" मी विचारलं.

"देवाला मी न्हाणीतच सांगितलं. देव समजून घेतो. एकनाथ न्हाई घेत."

मी त्याला म्हणालो, परत चल, आजच, मी टेम्पो करतो. तो नाही म्हणाला. मी म्हणालो, गावात सगळ्यांसमोर सांगेन. त्याने एक चुकार मेंढरू कळपात हाकललं. मग म्हणाला, सांगायचं तर सांगा, पण वहिनीचं नाव काढू नका.

परतीच्या गाडीत कंडक्टर तिकीट द्यायला आला तेव्हा मला खिशात हात घालायचं सुचेना. पोरगा संशयाने बघत उभा राहिला.

७ जानेवारी, मंगळवार

एकनाथच्या टपरीवर सकाळी आठ वाजता माणसं जास्त असतात. मुद्दाम तीच वेळ धरली. चहा सांगितला नाही, कारण चहा हातात असला की माणूस निम्मं बोलतो.

म्हणालो, पेटी माझ्या हातून पडली. कांडी घरंगळत माझ्याच न्हाणीच्या पन्हाळीत गेली. तिने मी वीस दिवस टाचा घासल्या. जोतिबाने कशाला हात लावला नाही. मी पेटी पाडली हे लपवलं आणि त्याला चोर म्हणालो, तुमच्यासमोर त्याचे देव सोडायला लावले.

मग मागे कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळी टपरी हसायला लागली. एकनाथने विचारलं, अंधारात टाचा चमकतात का? मी हसू दिलं. त्या दिवशी जोतिबाला कुणी हसलं नव्हतं, त्याला चोर समजले होते. हसणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

हसून झाल्यावर एकनाथने कपबशा विसळत विचारलं, जोतिबाचा फोन नंबर काय? परवा त्याच्याकडून पहिल्यांदाच घेतलेला नंबर मी दिला. दुपारपर्यंत बाकीच्या चौघांनीही निरोप दिले. एकनाथने तर दोन दिवस जास्त बसव म्हणून सांगितलं. मीही फोन केला. जोतिबा म्हणाला, बघू.

१२ जानेवारी, रविवार

मशीन काल गेलं. तळापर्यंत काळा खडकच लागत राहिला, पुढचं कुठे खणायचं ते वरचे ठरवणार. भोकाच्या तोंडावर सिमेंट घातलं आहे. पेट्या पुढच्या आठवड्यात नेणार. कांडी तिच्या जागी आहे आणि साहेबाने शेजारी चिठ्ठी लावली आहे: ‘एक बाजू हाताळणीत झिजलेली.’ माझं नाव घातलं नाही. त्याच्याबद्दल मी पहिल्या दिवशी काय लिहिलं होतं ते वाचलं आणि पान उलटलं.

आज सकाळी मेंढरं आली. घुंगरांचा आवाज ऐकून रजनीने न्हाणीत पाणी काढून ठेवलं, देव्हाऱ्यातली उजवी बाजू पुसली, खाली धुतलेलं फडकं अंथरलं. मी खाचराच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. मेंढरं माझ्या बांधावरून पुढे गेली आणि एकनाथच्या खाचरात शिरली.

जोतिबा मात्र मागे फिरून घरी आला. न्हाणीत पाय धुतले, आता वज्री नाही म्हणून रजनीकडे तक्रार केली, चहा घेतला. माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलला. मी विचारलं, आपल्या खाचराचं काय? म्हणाला, पाच जणांना शब्द दिला आहे, यंदा दिवस उरणार नाहीत, पुढच्या वर्षी बघू. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती.

बायजाही आली होती. रजनीने तिचा हात धरून तिला देव्हाऱ्यापाशी नेलं, पुसलेली जागा दाखवली. दोघी खूप वेळ काहीतरी बोलल्या, बायजा हसलीसुद्धा. चहा तिने उभ्यानेच घेतला. गाठोडं तिच्या काखेत होतं. कप परत द्यायला तिला तो हात मोकळा हवा होता, तेव्हा तिने ते दुसऱ्या काखेत घेतलं, पण खाली ठेवलं नाही.